आप्पांच्या नावानं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी बाकीच्या किरकोळ चुकांची माफी मागून घेते आणि एवढं एक वगळते. आता तुमच्यापुढे बसले आहे, तर सरळ सुरुवात करावी ना? पण सरळ येत नाही. म्हणून आधी एवढं सांगून टाकते — माझ्यामुळे एका मुलीनं लिहिणं सोडलं, आणि एक म्हातारा माणूस आपल्याच घरात परका झाला. पुढे मी इकडेतिकडे वळले, तरी मी कशापासून पळते आहे हे तुम्हाला ठाऊक असू द्या.

मी मराठीची शिक्षिका. शिरूरच्या एका हायस्कुलात एकोणतीस वर्षं शिकवलं. मिस्टर रेल्वेत होते, घर दौंडला बांधलं, म्हणून निवृत्तीनंतर इकडे आले. शिरूरला पोरं मला ‘लालपेन मॅडम’ म्हणायची. मला ते माहीत नाही असा त्यांचा समज होता. वहीत ‘न्हाई’ दिसलं की मी कापायची. ‘आन्’ कापायची. ‘व्हय’ तर असं कापायची, की मागच्या पानावर उमटावं. खेड्यापाड्यांतून मुलं यायची, घरी बोलतात तसं लिहायची आणि मी त्यांना शुद्ध करून परत पाठवायची. हेतू वाईट नव्हता, असं इथं लिहिणार होते. राहू दे. माझ्या हेतूंबद्दल आज बोलायला नको.

आणि मी लेखिका होते. हसू नका, लोक तसं म्हणायचे. शाळेच्या वार्षिक अंकात दरवर्षी एक कथा, दोन-चार लहान दिवाळी अंकांत नाव, स्नेहसंमेलनात ‘आपल्या तालुक्याच्या लेखिका’ म्हणून शाल. मोठ्या अंकांकडे पाठवलेल्या कथा साभार परत यायच्या. ती पाकिटं मी कपाटात साड्यांखाली ठेवायची. शाल मात्र सगळ्यांनी पाहिलेली.

निवृत्त झाल्यावर एका जुन्या सहकारी बाईंनी मला व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली. मराठी कथांची एक वेबसाइट — कुणीही यावं, खातं उघडावं, आपली कथा टाकावी. संपादक नाही, साभार परत नाही. मी नाक मुरडलं. हे काय, उचलला फोन आणि झाले लेखक! तरी दुपारी मेथी निवडताना फोन डब्याला टेकवून वाचायला लागले. आणि खरं सांगू? मेथी तशीच राहायला लागली.

कोण कोण लिहीत होतं तिथं! टोलनाक्यावर पावत्या फाडणारा एक जण होता. एक नर्स होती, ती फक्त पेशंटच्या नातेवाइकांच्या डब्यांबद्दल लिहायची — कुणाच्या डब्यात काय, आणि डबा न उघडता परत गेला तर त्याचा अर्थ काय. रांजणगावच्या कारखान्यातला एक मुलगा होता. बिहारी पोरांबरोबर खोलीत राहून त्याचं निम्मं मराठी हिंदी झालं होतं, आणि तो ते बिनदिक्कत तसंच लिहायचा. ओळीओळीला चुका. माझी बोटं शिवशिवायची. पण कथा संपली की मी हातात मेथीची काडी धरून नुसती बसायची. या लोकांना कुणी छापलं नव्हतं, कुणी शाल दिली नव्हती, तरी लिहीत होते. इतकी वर्षं मराठी शिकवली, पण मराठी वाचताना इतका आनंद मला झाला नव्हता.

मग मीही माझी एक कथा टाकली. नाव ‘कातरवेळ’. तिच्यात हुरहुर होती, तुळशीपुढचा दिवा होता, क्षितिज तर तीन वेळा होतं. आठवड्यात सात वेळा पाहिली गेली असं खाली आकडा सांगत होता. त्यातल्या पाच वेळा मीच. एक कमेंट आली — ‘छान.’ ती मिस्टरांची होती, आणि त्यांनी ती माझ्यासमोर बसून, मला विचारून टाकली होती.

त्याच सुमारास मला ‘पाणंद’ सापडली.

पाणंद हे तिचं टोपणनाव. शेतांमधून जाते ती पाणंद. खरं नाव तिनं कुठंच दिलं नव्हतं. पहिली कथा वाचताना मी एका वाक्याशी थबकले — ‘आईच्या हाताला कांद्याचा वास आन् माझ्या वहीला आईच्या हाताचा.’ हे वाक्य मी आधी वाचलं होतं. शिरूरला, नववीच्या वर्गात, ‘माझी आई’ या निबंधात. तळेगाव ढमढेऱ्याहून एसटीनं येणारी एक सावळी, अबोल मुलगी होती. तिला इथं सुमन म्हणू. मी तिचा ‘आन्’ कापला होता, समासात ‘वाक्य अपूर्ण’ असा शेरा मारला होता आणि दहापैकी चार गुण दिले होते. एवढ्या वह्यांतलं एक वाक्य इतकी वर्षं कसं लक्षात राहतं, असं तुम्ही विचाराल. चांगलं वाक्य मला ओळखता येतं हो. तेव्हाही आलं होतं. म्हणून तर इतक्या जोरात कापलं.

तिनं तो ‘आन्’ परत जागेवर आणून बसवला होता. आणि खाली कमेंटच कमेंट. ‘ताई, रडवलंत.’ ‘अजून लिहा.’ ‘आमच्या घरचं लिहिलंत.’ मी मोजल्या. हो, मोजल्या — निवृत्त बाई, चष्मा लावून, बोट सरकवत.

मी तिच्या सगळ्या कथा वाचल्या. कथा जोडत गेलं की तिचं आयुष्य कळायचं. लग्न होऊन दौंडजवळच्या एका गावात आलेली. कुरकुंभला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. एका कथेत सुनेला पहाटे लुनावर बसवून कंपनीच्या बससाठी फाट्यावर सोडणारा सासरा होता. त्याला तिनं आप्पा म्हटलं होतं.

आणि मग ती कथा आली. ‘पाळी’.

तिच्याबद्दल मला नीट सांगायला हवं. एका बाईवर एकाच दिवशी तीन पाळ्या येतात. कंपनीची पहिली पाळी उरकून ती दुपारी घरी येते. कॅनॉलच्या पाण्याची पाळी त्याच दुपारी त्यांच्या उसाला आलेली असते — ती हुकली की ऊस वाळला. आणि तिसरी पाळी, बायकांची, तीही त्याच दिवशी, कंबर मोडून काढणारी. नवरा टेम्पो घेऊन बाहेरगावी. ती तशीच फावडं घेऊन दारं धरायला, उसाच्या सरीसरीला पाणी वळवायला निघते. ओट्यावर गुडघे चोळत बसलेला म्हातारा तिच्याकडे एकदा बघतो, उठतो, तिच्या हातातलं फावडं काढून घेतो आणि म्हणतो, ‘तू बस. आज पाळी माझी.’ संपली कथा. कुठल्या पाळीबद्दल तो बोलला, कथा सांगत नाही. त्याला सगळं कळलं होतं, आणि ज्या शब्दाचा सासऱ्यानं सुनेपुढे उच्चार करायचा नसतो, त्याच शब्दाची त्यानं तिच्यावर सावली धरली होती.

मी ती कथा दोनदा वाचली. मला रडू आलं. आणि रडू ओसरायच्या आत मला राग आला. कसला राग? तीस वर्षं मी ‘कातरवेळ’ लिहीत बसले, आणि जे शब्द मी कापून टाकले त्यांतूनच या पोरीनं हे उभं केलं, याचा. मत्सर म्हणा. मत्सरच होता.

आता येते आहे मी त्याच्याजवळ.

दुपारचे तीन वाजले होते. मिस्टर आत झोपले होते. मी त्या साइटवर दुसरं खातं उघडलं आणि नाव ठेवलं — ‘आप्पा’. असं वाक्य कुणी बसून रचत नाही, हे मला कळत होतं. ‘आज पाळी माझी’ हे कुणीतरी खरंच म्हटलेलं असणार, आणि कोणी म्हटलं असेल तेही मला कळलं होतं. म्हणून मी त्या माणसाच्या तोंडून लिहिलं. जसंच्या तसं देते —

‘पोरी, घरातलं आसं येशीवर टांगत्यात व्हय? तुज्यापायी म्या फावडं उचाललं त्ये चारचौघांनी वाचावं म्हून न्हाई. गावात त्वांड दावायला जागा ठिवली न्हाईस.’

एकोणतीस वर्षं जे जे कापलं, ते सगळं मला येत होतं. का नाही येणार? माझी आई असंच बोलायची. बोटांतून आपसूक उतरलं, कुठे अडले नाही, कुठे खोडलं नाही. लिहून झाल्यावर मी ती वाक्यं पुन्हा वाचली, आणि — हे सगळ्यात वाईट, हे सांगताना आत्ताही मान खाली जाते — मला ती आवडली. इतका जिवंत संवाद मी आयुष्यात कधी लिहिला नव्हता. आवाज अगदी त्या म्हाताऱ्याचा होता. मी बटण दाबलं, उठले आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी कथा तिथं नव्हती. चार दिवसांत एकेक करून तिच्या सगळ्याच गेल्या. ‘पाणंद’ या नावावर बोट ठेवलं की ‘हे खाते अस्तित्वात नाही’ असं यायचं. कथेबरोबर तिच्याखालची माझी कमेंटही गेली. म्हणजे पुरावा काही उरला नाही. मला हायसं वाटलं. हो, हायसं. त्याच आठवड्यात ‘कातरवेळ’ला आणखी दोन वाचक मिळाले आणि मी त्यावर खूश झाले.

पुढच्या उन्हाळ्यात मी डोळे दाखवायला पुण्याला निघाले होते. दौंडला पुण्याच्या डेमू गाडीत बसले तर शेजारच्या बाईनं वाकून पायाला हात लावला. ‘मॅडम, तुम्ही व्हय!’ सुमन. कंपनीच्या कुठल्याशा ट्रेनिंगला चालली होती. केडगाव येईपर्यंत घरचं-दारचं बोलली. मग म्हणाली, मॅडम, एक सांगू का, तुम्हालाच सांगता येईल, तुम्ही लिहिता ना.

आणि तिनं मलाच सांगितलं. सगळं. ती लिहायची हे घरात एकट्या आप्पांना माहीत होतं. सासू नव्हतीच. नवऱ्याला पत्ता नव्हता. आप्पांना ती कथा वाचून दाखवायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. ‘पाळी’ तेवढी तिनं वाचून दाखवली नव्हती — सासऱ्यापुढे तो शब्द कसा काढायचा? तशीच साइटवर टाकली आणि गप्प बसली. मग आप्पांच्या नावानं ते आलं. मी कसंबसं विचारलं, त्यांना फोनवर लिहिता येतं का गं? ती म्हणाली, माइकमधी बोललं की लिवून येतंय, मीच शिकवलं त्यांना.

‘तोंडावर बोलले असते तर पाय धरले असते, मॅडम. असं चोरून का लिवलं?’

तू त्यांना विचारलंस का, असं मी म्हटलं. तिनं मान हलवली. विचारायचं म्हणजे तोच शब्द पुन्हा त्यांच्यापुढं काढायचा. कसं विचारू? भांडण नाही, तंटा नाही. तिनं फक्त आप्पांशी बोलणं कामापुरतं ठेवलं. त्यांचं ताट ती घरातल्या धाकट्या जावेला वाढायला सांगायची. फाट्यावर लुनानं जायचं बंद केलं, शेजारणीच्या मागं बसून जायला लागली. आणि लिहिणं — ते सोडलं. ‘आपलं काम न्हाई ते,’ एवढंच म्हणाली.

सांगायची तीच वेळ होती. लोणी जाऊन हडपसर येईपर्यंत माझ्याकडे वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, ‘झालं ते झालं. पण तूही जरा सांभाळून लिहायला हवं होतंस.’ तिनं मान डोलावली. नववीत डोलवायची तशीच. आणि उतरताना पुन्हा पाया पडली.

संक्रांतीला तिनं हळदीकुंकवाला बोलावलं. न जाण्याची सबब मला सुचली नाही असं नाही. गेले, कारण न गेल्यावर तिला काही वाटेल अशी भीती वाटली. चोराच्या मनात चांदणं. ओट्यावर एक बारीक, पांढऱ्या मिशांचे आजोबा गुडघ्याला तेल चोळत बसलेले. मी ओळखलं. त्यांचा आवाज मी लिहिला होता ना.

वाण घेऊन बाहेर आले तर त्यांनी मला हाक मारली. आत ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होते.

‘मॅडम, तुम्ही तिच्या शाळंतल्या. येक इचारू? पोर आदी मला गोष्टी वाचून दावायची. आता इचारलं तर म्हंती, फोनातनं गेल्या. बोलत न्हाई धड. माझं काय चुकलं आसंल तर इचारा की तिला. म्या कान धरतो.’

त्यांनी खरंच कानाला हात लावला. सत्तरीच्या माणसानं, माझ्यापुढं.

मी म्हणाले, ‘विचारते, आप्पा.’

हातात तिळगूळ होता. रस्त्याला लागल्यावर तो खाल्लासुद्धा मी.

त्याला आता दोन वर्षं होतील. या दोन वर्षांत मी स्वतःला काय काय सांगितलं ते ऐका. सांगितलं तर सुमनचा शिक्षकांवरचा विश्वास उडेल — जणू तो मीच सांभाळून ठेवला होता. मग त्याहून पटणारं एक सापडलं. आप्पांनी असलं काही लिहिलेलं नाही, हे त्यांचं त्यांना माहीतच आहे. मी बोलले तर त्यांना नवं कळणार ते एवढंच, की आप्पा असं बोलू शकतात असं सुनेला वाटलं. म्हाताऱ्या जिवाला हा घाव कशाला द्यायचा? किती समजूतदार वाटतं ना हे? मीसुद्धा त्यावर बरेच महिने झोपले. पण त्यात एक अक्षर माझ्या मायेचं नाही. मला माझी शाल सांभाळायची होती. आप्पांना तो घाव बसणार आहे. तो मी दिलेला आहे, त्याच दुपारी तीन वाजता दिलेला. फक्त त्यांच्यापर्यंत पोचायचा राहिला आहे.

परवा पुन्हा ती साइट उघडली. नवी माणसं आली आहेत. कुरकुंभच्याच एका मुलीनं कंपनीच्या कॅन्टीनवर लिहिलं आहे, पहिलीच कथा, बिचकत बिचकत. ‘न्हाई’ला ‘नाही’ करावं की नको, हे तिचं नक्की झालेलं दिसत नाही. एका ओळीत हे, एका ओळीत ते. मी वाचलं आणि फोन खाली ठेवला. सुमन आज लिहीत असती तर या मुलीनं तिचं वाचलं असतं. मग तिला असं बिचकावं लागलं नसतं.

म्हणून हे इथंच टाकते आहे, त्याच ठिकाणी, आणि माझ्या खऱ्या खात्यावरून, जिथं ‘कातरवेळ’ आहे. टाकण्याआधी सुमनला पाठवलं. सकाळी अकराला पाठवलं. तिनं वाचलं आहे, फोनवर खूण निळी झाली. आता चार वाजलेत. तिच्याकडून काही आलेलं नाही, आणि काही यावं असं मी म्हणणार नाही. उद्या सकाळच्या गाडीनं आप्पांकडे जाणार आहे. ते मला ओट्यावर बसू देतील किंवा देणार नाहीत.

सुमन, वहीतलं तुझं वाक्य पूर्ण होतं. ‘आन्’ बरोबर होता. ‘पाळी’ हाच शब्द बरोबर होता. आणि ती कमेंट आप्पांनी लिहिली नाही. मी लिहिली.